कौटुंबिक हिंसाचार आणि न्यायालयीन संरक्षण आदेश : जळकोट परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील जळकोट हे सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील गाव होय. येथील विवाहितेला पतीच्या मारहाणीपासून संरक्षण हवे असल्यास ती न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करू शकते. हा मार्ग २००६ साली खुला झाला. त्यापूर्वी न्यायालये अशा स्त्रीला काय देऊ शकत होती आणि आज दिलेल्या आदेशाची परिणामकारकता कशावर अवलंबून आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
एकोणिसाव्या शतकात न्यायालयाचा आदेश पत्नीला पतीच्या घरी धाडण्यासाठी मागितला जाई. १८८४ साली दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात असाच दावा दाखल केला. १८८५ साली न्या. पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निर्णय दिला. परंतु १८८७ साली न्या. फॅरन यांनी पतीकडे जाणे किंवा सहा महिने कारावास असे दोनच पर्याय ठेवले. रखमाबाईंनी कारावासाची तयारी दर्शविली. १८८८ साली तडजोड झाली.

जळकोट परिसर त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले व १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात समाविष्ट झाला. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने क्रूरतेच्या कारणावरून हिंदू पत्नीस विभक्त राहून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क दिला. १९८३ साली भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ समाविष्ट होऊन क्रूरता दंडनीय ठरली. म्हणजे पोटगी मिळे, पतीला शिक्षाही होऊ शके. परंतु घराबाहेर काढलेल्या स्त्रीला त्याच घरात सुरक्षित राहू देणारा सुलभ उपाय नव्हता.

२००५ चा अधिनियम :
कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २६ ऑक्टोबर २००६ रोजी अमलात आला. कलम १८ अन्वये हिंसा व संपर्क यांस मनाई करता येते, तर कलम १९ अन्वये मालकी नसतानाही स्त्रीचा निवास सुरक्षित ठेवता येतो. शपथपत्रावरून एकतर्फी अंतरिम आदेश देता येतो. पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत ठेवावी व अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा सांगतो. संरक्षण आदेशाचा भंग हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा असून त्यास एक वर्षापर्यंत कारावास, २० हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

जळकोटसारख्या गावासाठी कलम २७ विशेष महत्त्वाचे आहे. सोलापूर वा पुण्याच्या सासरहून माहेरी परतलेली स्त्री तात्पुरत्या वास्तव्याच्या ठिकाणच्या न्यायालयातही अर्ज करू शकते आणि तेथील आदेश भारतभर अमलात आणता येतो.

न्यायालयीन अर्थनिर्णय :
डिसेंबर २००६ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सासूच्या मालकीच्या घरावर सुनेला निवासाचा हक्क नाकारला. ग्रामीण भागात घर बहुधा सासू-सासऱ्यांच्या नावे असल्याने या निर्णयाने कायद्याचा गाभाच संकुचित झाला. २०२० साली त्याच न्यायालयाने हे मत रद्द ठरविले. तत्पूर्वी २०१६ साली, मुंबईतून आलेल्या प्रकरणात, केवळ ‘प्रौढ पुरुष’ हाच प्रतिवादी असू शकतो ही मर्यादा घटनाबाह्य ठरविण्यात आली.

अंमलबजावणी :
कौटुंबिक घटना अहवाल तयार करणे, अर्जास साहाय्य करणे व आदेशाचे पालन होते की नाही हे पाहणे, ही संरक्षण अधिकाऱ्याची कर्तव्ये होत. हे काम अनेकदा अन्य शासकीय कामांबरोबर सोपविले गेले. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला जिल्हा व तालुका स्तरावर संरक्षण अधिकारी नेमण्याचा आदेश राज्यांना द्यावा लागला, ही बाब पुरेशी बोलकी आहे. पोलीस ठाण्यातच समुपदेशनाची सोय करण्याचा प्रयोग टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केला होता. याच संस्थेचे ग्रामीण केंद्र तुळजापूर येथे आहे, हे या तालुक्याच्या दृष्टीने उल्लेखनीय होय.

समारोप :
पत्नीला घरी पाठविणाऱ्या आदेशापासून तिला घरात सुरक्षित ठेवणाऱ्या आदेशापर्यंतचा हा प्रवास शंभर वर्षांहून अधिक काळाचा आहे. कायद्याची भाषा बदलली. तथापि आदेश प्रत्यक्ष दारापर्यंत पोहोचविणारी यंत्रणा तालुक्याच्या ठिकाणी उभी राहिली नाही, तर तो न्यायालयाच्या फाइलमध्येच राहतो. म्हणून संरक्षण आदेशाचे यश केवळ निकालपत्रावरून न मोजता, आदेशानंतर ती स्त्री आपल्या घरात निर्भयपणे राहू शकली का, यावरून मोजले पाहिजे.