कॅप्चर चालू आहे, माउसला हात लावू नका

2004 चा मे महिना. पुण्यात, लग्नाचं शूटिंग करणाऱ्याच्या दुकानामागच्या खोलीत तुम्ही बसला आहात. समोर पेंटियम फोर, शेजारी कॅमेरा आणि काड्यापेटीहून जराशी मोठी मिनीडीव्ही कॅसेट. आत 6.35 मिलिमीटर रुंदीची फीत, तिच्यावर एक तासाचं लग्न.

खोक्यात दोन वायरी आहेत. यूएसबीची राहू द्या, ती मेमरी कार्डावरच्या फोटोंसाठी. फितीवरचं जसंच्या तसं हवं तर फायरवायर: कॅमेऱ्याकडे चार पिनांचं बारीक टोक, कॉम्प्युटरकडे सहा पिनांचं. जोडताना कॅमेरा बंद ठेवा, पोर्ट जळू शकतो. आता व्हीसीआर मोड. पडद्यावर रिवाइंड दाबा. कॅमेऱ्याला हातही न लावता आतली फीत सरसर मागे जाते. पहिल्यांदा पाहताना मजा वाटतेच.

मग मात्र बसायचं. तासाची कॅसेट उतरायला तासच लागतो. सेकंदाला सुमारे 3.6 मेगाबाइट, तासाला जवळपास 13 जीबी. तुमची हार्ड डिस्क 40 जीबीची, म्हणजे तीन कॅसेटींत ती गच्च. ती एनटीएफएस केली आहे ना? फॅट32 असेल तर 4 जीबीला फाइल संपते आणि वीस मिनिटांच्या आत, अंतरपाट धरलेला असतानाच लग्न थांबतं.

“स्क्रीनसेव्हर, अँटिव्हायरस बंद केलास ना?” मालक बाहेरून विचारतात. मशीन जरा अडखळलं की फ्रेम गळतात. आणि आज गुरुवार नाही, हेही बघून घ्या. गुरुवारी एमएसईबी दुरुस्तीसाठी वीज घालवते, छोटा यूपीएस तासभर पुरत नाही.

या सक्तीच्या तासाला लोक कंटाळतात. मला विचाराल तर खरं एडिटिंग इथेच होतं. संपूर्ण लग्न न पळवता बघावं लागतं. मंगलाष्टकांत आईनं डोळे पुसले, तो टाइमकोड कागदावर टिपा. पंगतीतले तेच ते जिलबीचे आग्रह सोडा. एक लक्षात ठेवा, शूटिंगवाल्यानं मध्ये कॅसेट मागे-पुढे करून कोरी जागा सोडली असेल, तर टाइमकोड पुन्हा शून्यापासून सुरू होतो. मग तुमच्या कागदावर बारावं मिनिट दोनदा येतं, एकदा सप्तपदीला, एकदा पाठवणीला.

कॅप्चर संपलं. मालक म्हणतात, “झालं ना? याच कॅसेटवर उद्याची मुंज घेऊ.”

डीव्हीडीवर दाबून लहान केलेलं चित्र जाणार आहे, डिस्कवरची फाइल पुढच्या लग्नासाठी पुसली जाणार आहे. मूळ चित्र उरेल ते फक्त या फितीवर. पुढचं माहीत असलेले खोलीत तुम्ही एकटेच आहात. कॅसेटच्या पाठीवरची खिटी ‘सेव्ह’कडे सरकवा आणि मुंजीसाठी नवी कॅसेट मागा.