म्हसवडच्या बायकांचा हिशेब

विटा हे गाव गलाईवाल्यांचे. पावसाने पाठ फिरवली तेव्हा खानापूर-आटपाडीच्या माणसांनी सोनेचांदी गाळणारी भट्टी पत्करली आणि ती भारतभर पांगली. पुढे विट्यात यंत्रमागही खडखडू लागले. ह्या कर्तृत्वाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. परंतु पुरुष परमुलखी गेल्यावर शेत, शेळ्या, उसनवारी आणि पोरेबाळे ह्यांचा मेळ ज्यांनी घातला, त्या बायकांना ‘व्यवहार शिकवला पाहिजे’ असे आपण सहज म्हणून जातो. आम्हांला ह्यातच गफलत दिसते.

विट्याच्या ईशान्येस, अशाच दुष्काळी माणदेशात, म्हसवड आहे. तेथे लोहारकाम करणाऱ्या एका बाईंना बचतीचे खाते हवे होते. पावसाळ्यात घरावर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. रक्कम क्षुल्लक म्हणून बँकेने खाते नाकारले. तेव्हा चेतना गाला सिन्हा ह्यांनी बायकांचीच बँक काढायचे ठरविले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर! बायका साक्षरतेच्या वर्गात बसल्या. पाच महिन्यांनी पुन्हा अर्ज झाला, तेव्हा पंधराजणी सोबत गेल्या. आमच्या लहानपणी गावात शाळाच नव्हती, तो आमचा दोष कसा, असे त्यांनी विचारले. कोणत्याही मुद्दलावरचे व्याज आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या साहेबांनीही यंत्राविना सांगावे, असे आव्हानही दिले. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

हिशेबाचे कसब त्यांच्यापाशी आधीपासूनच होते, हे ह्यावरून उघड आहे. अडत होते ते निराळ्याच ठिकाणी. मजुरी बुडवून बँकेत जाणे परवडत नसे, म्हणून बँक त्यांच्या दारी गेली. २००६ मध्ये उद्योगिनींसाठी शाळा निघाली आणि वर्षभरात तिची बसगाडी गावोगाव फिरू लागली.

आणखी एक अडचण घरातलीच होती, आणि तिच्याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. पासबुक घरी ठेवले की नवरा शिल्लक पाहून पैसे मागे. त्यावरचा तोडगा कोणा तज्ज्ञाने काढला नाही. बायकांनीच सुचविले: पासबुक नको, कार्ड द्या, त्यावर आकडा दिसत नाही.