गोळीमागचं राजकारण

परवा बाबांच्या बीपीच्या गोळ्या आणल्या. बिल बघून वाटलं, एवढ्या स्वस्त कशा? मग काय, शनिवारभर वाचत बसलो!

१९११च्या इंग्रजी कायद्याप्रमाणे पेटंट औषधावरच मिळायचं. दुसऱ्या रीतीने बनवलंत तरी कंपनी कोर्टात खेचणार. न्या. राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९च्या अहवालात हे बदला म्हणून सांगितलं. १९६१ मध्ये देशी औषध कंपन्यांनी मुंबईत संघटना काढली आणि सिप्लाच्या युसूफ हमीद यांच्यासारख्यांनी सरकारकडे पाठपुरावा केला. परदेशी कंपन्यांचा विरोध होताच. शेवटी १९७०चा कायदा झाला, १९७२ पासून लागू: पेटंट फक्त बनवण्याच्या रीतीला. आमच्या भाषेत, आउटपुट सगळ्यांचं, कोड ज्याचा त्याचा.

यात देशी कंपन्यांचा स्वार्थ नव्हता? होता की! पण २००१ मध्ये सिप्लाने एड्सची वर्षभराची औषधं ३५० डॉलरला देऊ केली, तेव्हा पाश्चात्य देशांत त्यांना दहा हजारांच्या वर पडत होते.

२००५ मध्ये जागतिक व्यापार करारामुळे औषधावरचं पेटंट परत आलं. असो.

लॉबिंग म्हटलं की मीही नाक मुरडायचो. आता आधी विचारतो, गोळी कोणाची स्वस्त झाली?