दोन वह्यांतला पूर

उत्पत्तीच्या पुस्तकातील नोहाच्या वेळचा जलप्रलय आपण लहानपणापासून पावसाचा प्रलय म्हणून ऐकत आलो. चाळीस दिवस व चाळीस रात्री पाऊस कोसळला, एवढेच स्मरणात राहते. परंतु सातवा अध्याय सावकाश वाचला, तर तेथे पाणी दोन दिशांनी आलेले दिसते: आकाशातून खाली आणि अथांग सागराच्या तळातून वर. पवित्र लेखकाला सांगायचे होते ते ईश्वरी न्यायासंबंधी; जलशास्त्र हा त्याचा विषय नव्हता. तरीही खाडीकाठच्या माणसाला ते वर्णन ओळखीचे वाटावे. ठाण्याच्या नौपाड्यात पाणी भरते ते याच रीतीने.

नौपाड्याच्या पश्चिमेस येऊरचे डोंगर, पूर्वेस खाडी आणि मध्ये रेल्वेचा भराव. वरून येणारे पाणी नाल्यांवाटे हा भराव ओलांडून खाडीस मिळते. खाडीला ओहोटी असेल तर मोठ्या सरीलाही वाट मिळते. भरती असेल तर नाल्याच्या तोंडाशी समुद्रच उभा ठाकतो. पाणी थबकते आणि चिखलवाडीसारख्या सखल भागात चढू लागते. चिखलवाडी हे नाव ज्यांनी ठेवले, त्यांनी जमीन नीट पाहिली होती, असे म्हणावे लागेल.

आपल्या पूर्वजांना हे कोडे नवे नव्हते. खाजणाला बांध घालून भात पिकवण्याची विद्या कोकणात फार जुनी आहे. बांधातल्या दाराला रायगडकडे उघाडी म्हणतात, गोव्यात मानस. दाराची झडप खाडीच्या बाजूने टांगलेली असते. भरती चढली की त्याच पाण्याच्या दाबाने ती मिटते. ओहोटी लागली की आत साचलेले पावसाचे पाणी तिला लोटून बाहेर पडते. पण झडप मिटलेली असताना पडणारा पाऊस कोठे थांबणार? त्यासाठी बांधाच्या आत शेते होती, चर होते, तळी होती. पेण-अलिबागच्या शिलोत्री पद्धतीत बाहेरचा बांध राखणाऱ्याला कुळांकडून धान्याचा वाटा मिळे. म्हणजे राखणीचा खर्च पिकातच धरलेला असे. ही व्यवस्था निर्दोष नव्हती. उधाणात बांध फुटत आणि शेत पुढे काही वर्षे खारावलेले राही. परंतु पाऊस आणि भरती यांचा हिशोब तिने एकत्र मांडला होता, हे महत्त्वाचे. ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात. मासुंद्याजवळ, जेथे आपले संत जॉन बाप्टिस्टा चर्च आहे, तेथे तळे अजून आहे. पण भोवतालच्या शेतांच्या जागी इमारती आल्या आणि पाण्याने थांबायची जागा गेली.

समुद्र व वारा एकत्र आले तर काय होते, याची एक जुनी नोंद वसईची आहे. १५ मे १६१८ रोजी झालेल्या चक्रीवादळात समुद्राचे पाणी शहरात शिरले, चर्चची शिखरे उडाली आणि सुमारे दोन हजार माणसे मेली, असे जुन्या गॅझेटियरमध्ये दिले आहे. हॉलंडनेही १९५३ च्या फेब्रुवारीत हेच भोगले. उधाणाची भरती आणि उत्तर समुद्रावरचे वादळ एकाच रात्री आले व तेथे १८३६ लोक दगावले.

पुढे शास्त्रशुद्ध मोजणी सुरू झाली खरी, पण ती दोन वह्यांत. कुलाबा वेधशाळा १८२६ ची, पाऊस तिच्याकडे. अपोलो बंदरावरील समुद्रपातळीची नोंद १८७८ पासूनची. ती दुसऱ्या खात्याकडे. गटारे बांधणाऱ्यांनी पावसाची वही उघडली, धक्के बांधणाऱ्यांनी भरतीची. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिनी ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी, आणि तीही ओहोटी गृहीत धरून, आखलेली होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दुपारी चारच्या सुमारास ४.४८ मीटरची भरती होती. महाराष्ट्रात त्या दिवसांत हजाराहून अधिक माणसे गेली. एवढा पाऊस ओहोटीतही शहराला पेलला नसता. पण भरतीने त्याची उरलीसुरली वाटही अडवली.

गेल्या दोन दशकांतील संशोधनाने या दोन वह्या शेजारी ठेवून वाचायला घेतल्या. त्यातला खरा मुद्दा गणिताचा आहे. शंभर वर्षांतून एकदा येणारा पाऊस आणि शंभर वर्षांतून एकदा चढणारा समुद्र एकाच दिवशी येण्याची शक्यता केवळ गुणाकाराने काढली, तर ती नगण्य ठरते. मात्र हा गुणाकार दोन्ही घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच खरा. चंद्राच्या ओढीने येणारी भरती पावसाला विचारून येत नाही, हे बरोबर. परंतु वादळाचा कमी दाब समुद्राची पातळी उचलतो (एक मिलिबार दाब घटला की साधारण एक सेंटिमीटर), त्याचाच वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलतो आणि त्याचेच ढग पाऊस पाडतात. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या समोरून गेले, तेव्हा सांताक्रूझला २३० मिलिमीटर पाऊस झाला आणि समुद्रही खवळला होता. कारण एकच असल्यावर गुणाकार फसतो. टॉमस वॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली अमेरिकेच्या किनारी शहरांच्या जुन्या नोंदी अशाच जोडून पाहिल्या. त्यांतील अनेक शहरांत असे जोडसंकट शतकभरात वाढत गेलेले त्यांना आढळले.

कल्याणकडे तिसरा भिडू आहे, तो म्हणजे उल्हास नदी. घाटात पडलेले पाणी घेऊन ती उतरते आणि वसईच्या खाडीतून चढणारी भरती तिला सामोरी येते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली व हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले, तो पूर मुख्यतः नदीचा होता. खाली कल्याणला मात्र नदीच्या पुराचा विचार भरतीला वगळून करता येत नाही.

मुंबईसाठी जून २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘आयफ्लोज’ या पूर्वसूचना यंत्रणेत पाऊस, नद्या, भरती व वादळी लाटा एकत्र धरल्या आहेत. पावसाळ्यापूर्वी मुंबई महापालिका साडेचार मीटरवरील भरतीचे दिवस जाहीर करते. ईस्टरची तारीख ठरते तशीच ही यादीही चंद्राच्या गतीवरून बनते, म्हणून ती महिनोन्‌महिने आधी देता येते. त्या दिवशी आकाशात किती दाब असेल आणि वारा कोणत्या दिशेचा, हे तिच्यात नसते. ते जेमतेम काही दिवस अगोदर कळते.