सोडलेल्या जागेतला मजकूर

सी भाषेत प्रोग्राम चालू असताना मेमरीतली जागा ‘मॅलॉक’कडून मागून घ्यायची आणि काम झाले की ‘फ्री’ने परत करायची, हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच शिकवतात. परत केलेल्या जागेत पुन्हा डोकवायचे नाही, हेही बजावतात. पण हा दुसरा नियम पहिल्याबरोबर जन्मलेला नाही.

बेल लॅब्जमधून १९७९ साली बाहेर पडलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीची हस्तपुस्तिका पाहावी. ‘फ्री’ केलेली जागा पुढच्या वाटपासाठी मोकळी होते, मात्र तिच्यातल्या मजकुराला धक्का लागत नाही, असे तिथे स्वच्छ नोंदवले आहे. ही लेखणीची चूक नव्हे. जागेचा आकार बदलणारे ‘रिअ‍ॅलॉक’ नुकत्याच सोडलेल्या जागेवरही चालते, मध्ये दुसरी मागणी झालेली नसली म्हणजे झाले, अशी मुभा त्याच पानावर आहे. पीडीपी-११ यंत्रावर एका प्रोग्रामच्या माहितीला फार तर ६४ किलोबाइट जागा मिळे. विखुरलेले तुकडे सलग करायला ही युक्ती कामी येई. मूळ कोडही त्याला साजेसा होता. प्रत्येक तुकड्याच्या अगोदर एक छोटी नोंद असे. तिच्यात पुढच्या तुकड्याचा पत्ता आणि त्या पत्त्यातच तुकडा व्यापलेला की मोकळा हे सांगणारी एक बिट. (‘फ्री’ला तुकड्याची लांबी सांगावी लागत नाही, त्याचे गुपित याच नोंदीत.) ‘फ्री’ ती बिट तेवढी बदलत असे. सातबाऱ्यावरचे नाव कमी झाले, घरातली भांडी मात्र फळीवरच!

कर्निहॅन आणि रिची यांच्या पुस्तकाच्या १९८८च्या दुसऱ्या आवृत्तीत चित्र पालटलेले दिसते. साखळीतला दुवा आधी सोडायचा आणि पुढच्या दुव्याचा पत्ता त्या सोडलेल्या दुव्यातूनच वाचायचा, असा लूप तिथे नेहमीची चूक म्हणून दाखवला आहे. १९७९च्या पानाप्रमाणे तो बिनचूक चालला असता. पाठोपाठ १९८९च्या अमेरिकी प्रमाणाने सोडलेल्या जागेच्या पत्त्याचे मूल्यच अनिश्चित ठरवले. माझ्या मते हा निर्णय योग्यच होता, कारण मोकळ्या तुकड्यातच आपल्या नोंदी लिहिण्याची सोय वाटप करणाऱ्या कोडला त्यामुळे राहिली. लिनक्सवरचे ग्लिबसी आज तेच करते.

अडचण अशी की जुना मजकूर पुष्कळदा काही काळ तिथेच टिकतो. चुकीचा प्रोग्राम चाचणीत बिनतक्रार चालतो आणि भलत्याच दिवशी कोसळतो, किंवा घुसखोराला दार उघडून देतो. क्रोमियम ब्राउझरच्या चमूने २०२० साली आपल्या गंभीर सुरक्षा-दोषांचा हिशेब मांडला. सुमारे ७० टक्के दोष मेमरीच्या चुकीच्या हाताळणीचे निघाले. त्यांतले निम्मे, सोडलेली जागा पुन्हा वापरल्याचे.