एक बुरशी, दोन रूपं

आज ज्या बुरशीचा इतिहास मी सांगणार आहे, ती तुमच्यापैकी अनेकांनी तान्ह्या बाळाच्या तोंडात पाहिली असेल. जिभेवर दुधासारखा पांढरा थर, पण पुसला तर सहज निघत नाही. खरवडला तर खाली लालभडक. तिचं नाव कँडिडा अल्बिकन्स. ही एक यीस्ट. कितीतरी निरोगी माणसांच्या तोंडात आणि आतड्यात ती गुपचूप राहते. पण अशक्त रुग्णाच्या रक्तात शिरली, तर जीव घेऊ शकते.

हे पांढरे चट्टे हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रंथांतही आढळतात. ते म्हणजे एक सजीव आहे, हे कळायला मात्र एकोणिसावं शतक उजाडलं. १८३९ मध्ये जर्मन डॉक्टर लांगनबेक यांना तापाच्या एका रुग्णात ही बुरशी दिसली. त्यांना वाटलं, तापाचं कारण हीच. पुढे स्टॉकहोमच्या फ्रेडरिक बर्ग यांनी बाळांच्या तोंडातल्या थराशी तिचा संबंध जोडला. त्यासाठी त्यांनी निरोगी बाळांच्या तोंडात तो थर लावून पाहिला! आज अशा प्रयोगाला कुणी परवानगी देणार नाही.

मग सुरू झाला नावांचा घोळ. १८५३ मध्ये फ्रान्सच्या रोबँ यांनी तिला ऑइडियममध्ये बसवलं, १८९० मध्ये झॉप्फ यांनी मोनिलियात. शेवटी १९२३ मध्ये नेदरलँड्सच्या क्रिस्टीन बर्कहाउट यांनी ‘कँडिडा’ हे नाव दिलं. निवडणुकीला उभे राहणारे रोमन लोक पांढराशुभ्र झगा घालत, त्यावरून. ‘कँडिडेट’ शब्दही तिथलाच. एवढी नावं का? कारण बुरशी ओळखायची ती आकारावरून, आणि हिचा आकार काही एक राहत नव्हता. कधी कळ्या फुटणाऱ्या गोल पेशी, तर कधी लांबच लांब तंतू.

गंमत बघा, ज्याने गोंधळ घातला तेच पुढे ओळखपत्र झालं. रक्तातल्या सीरममध्ये, शरीराच्या तापमानाला ठेवली की दोन-तीन तासांत या यीस्टला नळीसारखा कोंब फुटतो. १९६० पासून हीच ‘जर्म ट्यूब टेस्ट’ म्हणून प्रयोगशाळांत रुळली.

पण रूप बदलण्याचा आजाराशी संबंध काय? १९९७ मध्ये अमेरिकेत गेराल्ड फिंक यांच्या गटाने दोन जनुकं बिघडवून तंतू न करणारी कँडिडा तयार केली. तिने उंदीर मेले नाहीत. २००३ मध्ये टेक्सासच्या संशोधकांनी तर औषधाने चालू-बंद होणारी कँडिडा बनवली. यीस्टच्याच रूपात अडकवून ठेवली, तेव्हा ती उंदरांच्या अवयवांत पोहोचली, पण उंदीर जगले. तंतू फुटू दिले, तेव्हा मेले. म्हणजे गोल पेशी प्रवास करते आणि तंतू घुसखोरी करतो.

घुसायचं तर आधी घट्ट धरायला हवं. तंतूंवर त्यासाठी खास प्रथिनं असतात. १९९९ मध्ये त्यातल्या एचडब्ल्यूपी-१ची करामत उघड झाली. आपल्या पेशी स्वतःची प्रथिनं एकमेकांना जोडायला जे एन्झाइम वापरतात, तेच एन्झाइम या प्रथिनालाही आपल्या पेशींशी पक्कं जोडून टाकतं. चोराला दार बंद करायला घरमालकाचीच कडी! २०१६ मध्ये तंतूंतून सुटणारं, पेशींना भोकं पाडणारं विषही सापडलं: कँडिडालायसिन.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे चिकटणं. कॅथेटरच्या प्लास्टिकवर कँडिडा थर धरून बसली की औषधं तिला नीट मारू शकत नाहीत. बऱ्याचदा नळीच काढावी लागते. आणि २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानात सापडलेली तिची नातेवाईक, कँडिडा ऑरिस, सहसा असे तंतू करत नाही. तरीही कातडीवर आणि हॉस्पिटलच्या खाटांवर टिकून राहते. भारतातही ती पोहोचली आहे. तेव्हा आयसीयूत कुणी ‘हात धुऊन या’ म्हणालं, तर कंटाळा करू नका. जे चिकटतं, ते आपल्या हातांनीच पुढच्या खाटेपर्यंत जातं.

भेटू पुढच्या भागात.