कारी, उत्रौली आणि फाशांचा खेळ

मंडळी, रोल-प्लेइंग गेम म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ड्रॅगन, जादूगार आणि वीस बाजूंचा फासा येतो. खेळाचा गाभा मात्र तो नाही. तो कुठे आहे हे पाहायला आपण आज भोर तालुक्यातली दोन गावं घेऊ, कारी आणि उत्रौली.

आधी थोडी वंशावळ. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावरचा युद्धखेळ छापून काढला. त्यात फासे होते, आणि निर्णय देणारा पंचही होता. पुढे अमेरिकेत, १९७०च्या आसपास, डेव्ह आर्नेसनच्या मंडळीने पलटणी बाजूला ठेवल्या आणि एका खेळाडूला एकच माणूस दिला. गॅरी गायगॅक्सबरोबर त्याने १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ काढला. पंचाचा झाला सूत्रधार. तो जग सांगतो, खेळाडू ‘मी अमुक करतो’ म्हणतो, आणि काय होईल याची खात्री नसेल तिथे फासा पडतो. डाव मोडला तरी माणूस संपत नाही, हे महत्त्वाचं. पुढच्या बैठकीला तो आपली जखम, कर्ज, वैर सगळं घेऊन येतो.

दिवाळीत आपली पोरं मातीचा राजगड करतात, हळीव पेरतात, मावळे मांडतात. जग आहे, माणसं आहेत. पण पडलेला मावळा पुन्हा उभा करता येतो, म्हणून तो खेळ वेगळा. (छानच असतो, ते सोडा!)

आता १६५९ चा जून. अफजलखान स्वारीवर निघालेला, आणि मावळातल्या देशमुखांना आदिलशाही फर्मानं आलेली: खानाला सामील व्हा. कारीचे कान्होजी जेधे मुलांना घेऊन राजगडावर महाराजांकडे गेले, वतनावर पाणी सोडलं. त्याच रोहिडखोऱ्यातले उत्रौलीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. एकच खोरं, एकच पेच, दोन उत्तरं. नोव्हेंबरात प्रतापगडाखाली खान पडला आणि खंडोजी लपत फिरू लागले. गुंजण मावळ, म्हणजे आजचा वेल्ह्याकडचा भाग, तिथले हैबतराव शिळीमकर हे त्यांचे जावई. त्यांनी कान्होजींना गळ घातली, कान्होजींनी महाराजांकडे रदबदली केली. जीव वाचला, पण उजवा हात आणि डावा पाय गेला.

या प्रसंगात खेळाला लागणारं जवळजवळ सगळं आहे. ज्याचं त्याला ठरवायचं स्वातंत्र्य आहे, अपुरी माहिती आहे, नातीगोती आहेत, आणि निर्णयाची किंमत अंगावर उमटते. मग यावरच खेळ का मांडू नये? एक अडचण आहे. टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला प्रतापगड ठाऊक आहे. सगळे कान्होजीच होणार, खंडोजी व्हायला कोण तयार होईल? कान्होजी राजगडाची वाट चढत होते तेव्हा पुढचं काहीच माहीत नव्हतं, आणि त्यांचं मोठेपण नेमकं तिथे आहे. पाठ असलेल्या इतिहासात तीच भीती नाहीशी होते.

अद्भुताचं खरं काम इथे सुरू होतं, असं आमचं मत आहे. नावं बदला, गड बदला, डोहातल्या आसरांना जागं करा, वेशीवरच्या मुंज्याला बोलतं करा. फक्त आसरांचेही नियम ठरलेले हवेत: काय दिलं की वाट सोडतील, काय केलं की ओढून नेतील. सूत्रधार मनाला येईल तसं करू लागला की खेळाडूच्या निर्णयाला वजन राहत नाही. नियम पक्के आणि शेवट अज्ञात, एवढं जमलं की खेळाडू पुन्हा त्या जूनमध्ये जाऊन बसतो. शिवाय महाराजांना फाशावर लावण्याचा प्रश्नच येत नाही. ते कुणाला रुचणार नाही, आम्हालाही नाही.

आम्हाला विचाराल तर पहिल्या खेळात आम्ही शिळीमकरांसारखं पात्र घेऊ. सासरा एका बाजूला, स्वराज्य दुसऱ्या बाजूला, आणि ज्याच्याकडे शब्द टाकायचा तो माणूस शेजारच्याच खोऱ्यातला.